निवडीस पात्र नाही

४ ऑगस्ट

छिंदवाड्याच्या हॉस्टेलात शनिवार म्हणजे चादरींचा दिवस. सकाळी धुवायच्या, दुपारी वाळल्या की दोघीदोघींनी घड्या घालायच्या. माझ्यासमोर नेहमी कुसुम. ती आपली दोन टोकं धरून जांभळाच्या झाडापर्यंत मागे मागे जायची, मी पाण्याच्या टाकीपाशी उभी. ताणायचं, एकदा झटकायचं, मग एकमेकींकडे चालत येऊन टोकाला टोक लावायचं. तिच्या हातांना साबणाचा वास असायचा. कधी अर्ध्या वाटेत तिला हसू फुटायचं आणि ती टोकं सोडून द्यायची. चादर मातीत. मी माझी टोकं धरून तशीच उभी. "सोड ना वं सुची, पडलीच आता," ती म्हणायची. मी सोडत नसे. सिस्टर फिलोमिना आल्या की बोलणी मात्र दोघींना बसायची.

हे आज का आठवावं? आज दुपारी मोबाइलवर निरोप आला: आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल धन्यवाद, आपला अर्ज या पदासाठी निवडीस पात्र नाही. हे पद म्हणजे हाउसकीपिंग सुपरवायझर. पांढुर्ण्याच्या स्टेशनजवळ कुसुमच्या यजमानांचा, भैय्याजींचा, लॉज होता. त्याच्या खोल्या, चादरी, माणसं हे सगळं वीसेक वर्षं मीच बघत होते. भैय्याजी गेले. त्यांच्या मुलाने, गजेंद्रने, लॉज बंद करून सौंसरच्या बाहेर संत्र्याच्या बागेत रिसॉर्ट बांधलं आणि साफसफाईचं काम नागपूरच्या एका कंपनीला दिलं. जुन्या माणसांनी कंपनीकडे ऑनलाइन अर्ज करायचा होता. "फॉर्मॅलिटी आहे मॅडम, प्रोसेस," गजेंद्र म्हणाला होता. मॅडम! माझ्या मांडीवर दुधात बिस्किट बुडवून खाणारा पोरगा.

निरोप घेऊन तशीच कुसुमकडे गेले. ती हातातली बांगडी फिरवत बसली होती.

"कम्प्युटरनं केलं ना गं ते, सुची. आमच्या हातात काय हाय आता?"

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने टोक सोडलं. मी सोडणार नाही.

६ ऑगस्ट

ही डायरी मराठीत लिहिते, कारण हॉस्टेलच्या सिस्टर केरळच्या होत्या. इंग्रजी डायऱ्या त्या वाचायच्या, हिंदी कष्टाने वाचायच्या, मराठी त्यांना येत नव्हती. त्यामुळे खरं लिहायचं ते मराठीत, ही सवय राहिली.

तर खरं लिहिते. मला ती नोकरी नको आहे. मला निवडून यायचं आहे. ज्या मशीनने मला बाहेर काढलं, त्याच मशीनने मला बोलवावं, गजेंद्रने समोर येऊन "या" म्हणावं आणि मग मी "नाही" म्हणावं. कुसुम तिथे उभी असावी. एवढंच हवं आहे. या वयात माणसाने एवढंच मागावं हे चांगलं नाही, कळतं मला. पण दोन दिवस झाले, दुसरं काही मागावंसं वाटत नाही.

१२ ऑगस्ट

सकाळच्या बसने सौंसरला दामिनीकडे गेले. दामिनी माझ्या बहिणीची मुलगी. बसस्टँडसमोर तिचं ऑनलाइन सेंटर आहे. दाखले, परीक्षेचे फॉर्म, विजेची बिलं, सगळं ती करते. मी पाठवलेला अर्ज तिने उघडून पाहिला आणि हसू दाबलं.

चांगल्या जाड कागदावर, शाईने, वळणदार अक्षरात चार पानं मी लिहिली होती आणि मोबाइलने फोटो काढून पाठवली होती. सुरुवात सिस्टर फिलोमिनांनी शिकवली तशी, आपणांस नम्रपणे निवेदन करण्याचा मान मिळावा, इथून.

"मावशी, हा फोटो हाय. कंपनीच्या मशीनले फोटोतली अक्षरं वाचता येत नाई. तू तिले कोरे कागद पाठवले."

"चार पानं लिहिली मी."

"चार कोरे कागद पाठवले."

मग तिने कंपनीची जाहिरात उघडून मला एकेक शब्द दाखवला. म्हणाली, माणूस अर्ज नंतर वाचतो. आधी मशीन चाळते. जाहिरातीत जे शब्द आहेत ते अर्जात सापडले तर पुढे ढकलते, नाही सापडले तर तिथेच बाजूला. मी लिहिलं होतं, 'चादरी-पडद्यांच्या खोलीची जबाबदारी सांभाळली'. मशीनला हवं होतं 'लिनन इन्व्हेंटरी'.

"तेच ते," मी म्हणाले.

"तुले तेच ते. तिले नाई."

'पाहुण्यांची गैरसोय होऊ दिली नाही' याला 'गेस्ट कंप्लेंट हँडलिंग' म्हणायचं. 'बायकांच्या पाळ्या लावल्या' याला 'शिफ्ट रोस्टर'. पदाचं नाव जाहिरातीत आहे तसंच्या तसं. चौकटी नको, नक्षी नको, फोटो नको, दोन रकाने नको. आडव्या ओळी, साधी अक्षरं, वरून खाली एका रांगेत.

"आणि मी काम चांगलं करत होते, हे कुठे लिहायचं?"

"तेच्यासाठी जागा नाई, मावशी."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून संत्र्याच्या बागा पाहत आले. फळं अजून हिरवी आहेत. गजेंद्रच्या रिसॉर्टची कमान रस्त्यावरून दिसते. कमानीवर प्लास्टिकची संत्री लावली आहेत. खऱ्या बागेत प्लास्टिकची संत्री. भैय्याजी असते तर काठीने पाडली असती.

१७ ऑगस्ट

आज कलाबाई आल्या. लॉजवर माझ्या हाताखाली सर्वांत जुन्या त्याच. त्यांचा अर्ज नामंजूर, दीपालीचा नामंजूर, उर्वशीचाही नामंजूर. तिघींचे कागद घेऊन आल्या होत्या.

पाहिले आणि मला बसावंच लागलं. तिघींनी लग्नाचा बायोडाटा पाठवला होता. आमच्याकडे बायोडाटा म्हटलं की एकच माहीत. झेरॉक्सवाल्याकडे तयार साचा असतो, त्यात नाव बदललं की झालं. उर्वशीच्या कागदावर वर गणपती, कलाबाईंच्या कागदावर वर बुद्धाचं चित्र, खाली दोघींना वेलबुट्टीची एकच चौकट. उंची, वर्ण, मामाचं गाव मोहगाव. दीपालीच्या कागदावर तळाशी 'अपेक्षा: निर्व्यसनी' असंही राहून गेलं होतं.

"ते खोडायचं राहिलं जी," कलाबाई म्हणाल्या. "पण खोटं नाई ना. मालक निर्व्यसनीच पाह्यजे."

खूप दिवसांनी हसले. मशीनने गणपती पाहिला नाही, बुद्ध पाहिला नाही, तिघींचे कागद सारखेच कोरे धरले.

माझाही एकदा असा बायोडाटा झाला होता. बाबांनी मागितला, कुसुमने लिहिला, तिचं अक्षर माझ्यापेक्षा देखणं म्हणून. त्यात माझी उंची तिने इंचभर वाढवली होती आणि 'स्वभाव' या शब्दापुढे लिहिलं होतं, 'दिसतो त्यापेक्षा मऊ'. बाबांनी तो शब्द खोडायला लावला. मग ते स्थळ जमलं नाही, नंतरची दोन स्थळंही जमली नाहीत, आणि कुसुमचं भैय्याजींशी जमलं.

कलाबाईंना म्हणाले, तुम्हा तिघींचे अर्ज मी लिहून देते. "तुमचं काय अडलं बाई?" त्या म्हणाल्या. मी तिघींचे कागद ठेवून घेतले.

२३ ऑगस्ट

पोळ्याचा दुसरा दिवस. गोटमार. आमच्या गच्चीवरून जामनदीचं पात्र दिसतं. मध्ये पळसाचं झाड आणि झेंडा, अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, झेंड्यासाठी दुपारभर दोन्ही काठांवरून दगडफेक. आता गच्चीवर जाववत नाही, पण आवाज घरात येतो.

कुसुमचं माहेर सावरगावचं. लहानपणी या दिवशी ती पलीकडच्या गच्चीवर, मी अलीकडच्या. आम्ही एकमेकींना पिवळी ओढणी हलवून दाखवायचो. खाली आमचे भाऊ एकमेकांची डोकी फोडत आणि दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ डोक्याला पट्टी बांधून आमच्याच दुकानात साखर घ्यायला येई. बाबा त्याला विचारत, "दुखते का बे?" तो म्हणे, "तुमच्या दगडात दम नाई काका."

लोकांना हे कसं जमतं? एक दिवस मारायचं आणि झेंडा देवीला नेला की संपलं. मला तसं जमत नाही. माझा दगड अजून हातात आहे.

आज तो कुठे मारायचा तेही सुचलं. मी एकटीने 'नाही' म्हटल्याने गजेंद्रचं काय बिघडणार? तो दुसरी ठेवील. पण सगळ्याच आमच्या निवडून आल्या तर? सगळ्यांनी 'हो' कळवायचं. कंपनीच्या जागा भरल्या, गजेंद्र निवांत. आणि तुळशीचं लग्न झालं की त्याच्या रिसॉर्टमधलं पहिलं मोठं लग्न येणार. त्या सकाळी एकीनेही जायचं नाही. वऱ्हाड दारात आणि खोल्यांतून पलंग उघडे.

हे लिहून पुन्हा दोनदा वाचलं. आनंदाने, असं मला वाटतं.

२ सप्टेंबर

दामिनीकडे दिवसभर बसून चारही अर्ज तयार केले. एकही ओळ खोटी नाही, यावर आम्ही दोघी ठाम होतो. फक्त प्रत्येक काम मशीनच्या शब्दात. कलाबाईंना वाचून मराठीत समजावलं, तर त्या कानाला हात लावून ऐकत राहिल्या. "हे सारं मीच करून राहिली होती? मंग भैय्याजींनं कधी सांगतलं नाई."

माझ्या अर्जात शेवटी अडलं. ओळखीची व्यक्ती, जिच्या हाताखाली काम केलं, तिचं नाव आणि नंबर द्यायचा होता. भैय्याजी नाहीत. गजेंद्रचं नाव द्यायला मी मेलेली नाही.

"कुसुममावशीचं टाक," दामिनी म्हणाली.

"तिचं नाव काढू नकोस."

"दुसरं कोणी हाय का?"

दुसरं कोणी नव्हतंच. वीसेक वर्षं काय, त्याच्या आधीची सगळी वर्षं धरली तरी मला ओळखणारं दुसरं कोण आहे? दिलं कुसुमचं नाव. नंतर बरं वाटलं. तिच्याच नावाने तिच्याच दारात शिरायचं आणि पाठ फिरवायची. कंपनीचा फोन गेला तर ती बोलणार नाहीच. बांगडी फिरवत बसेल.

२९ सप्टेंबर

निवड यादीत नाव आलं. चौघींचंही. दामिनीने फोनवर सांगितलं तेव्हा मी पीठ मळत होते. तशाच हातांनी सांगायला निघाले, मग लक्षात आलं की ज्या दाराकडे पाय वळले ते स्टेशनजवळच्या बंद लॉजचं आहे. परत आले.

मशीन मूर्ख आहे. मी तीच बाई आहे, जी ऑगस्टमध्ये पात्र नव्हती.

७ ऑक्टोबर

कंपनीच्या मुलीचा नागपूरहून फोन आला. मुलाखत. आवाज कोवळा, पण घाई फार. फिनाइलमध्ये पाणी किती, एका खोलीला वेळ किती, भांडण झालं तर काय कराल, असं सगळं विचारलं. माझं इंग्रजी ऐकून मध्येच थांबली. "मॅम, तुम्ही कुठे शिकलात?" सांगितलं.

शेवटी म्हणाली, "तुमच्या रेफरन्सशी बोलणं झालं आमचं. खूप वेळ बोलल्या त्या. आम्ही विचारलं, उमेदवारात कमी काय? तर म्हणाल्या, ती धरलेलं सोडत नाही. आम्ही ते प्लसमध्ये टाकलंय, मॅम."

पाहा ही कुसुम. परक्या मुलीपाशी माझी चहाडी. तोंडावर बोलायला तोंड नव्हतं, आणि फोनवर खूप वेळ बोलली. संध्याकाळी तिचे दोन मिस्ड कॉल होते. नाही उचलले.

१४ ऑक्टोबर

चार दिवसांपूर्वी कलाबाई कागद दाखवायला रिसॉर्टवर गेल्या होत्या. येताना एक काचेची बरणी घेऊन आल्या. "मालकीणबाईंनं देल्ली तुमच्यासाठी." संत्र्याच्या सालीचा मार्मलेड. नव्या फळाचा, आमच्या बागांमध्ये तोडा नुकता सुरू झालाय. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी शिकलो होतो तो.

"कशी आहे?" मी विचारलं. कुसुमबद्दल नाही, मार्मलेडच्या चवीबद्दल विचारलं होतं. कलाबाईंना वेगळं वाटलं.

"काउंटरवर नाई बसत आता. ते काउंटर काचेचं केलं, तिथं पोरी उभ्या असतात. मालकीणबाईले मांगं धोबीखान्याजवळ खोली देल्ली. टीव्ही हाय म्हणा. पण टीव्ही बंदच होता."

"बरं झालं," मी म्हणाले.

बरणी शेजारच्या मुलांना दिली. त्यांनी तीन दिवसांत संपवली. मी ती घासून, पुसून, रिकामी परत पाठवली. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. निदान चिमूटभर साखर घालतात. कुसुमला कळेल ते. कळावं म्हणूनच पाठवली.

चव मी घेतली होती, बोटभर. साल तिने नीट उकळली नाही, कडू राहिली आहे. ती नेहमी घाई करते.

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली. चौघींना रुजू होण्याचे निरोप आले. तिघींनी या महिन्याअखेर, मी पहिल्या लग्नाच्या दिवशी, कारण सुपरवायझर तेव्हापासून हवी. लग्न तेवीस नोव्हेंबरला, मुलीकडचे नागपूरचे, सगळ्या खोल्या भरलेल्या.

आज तिघींना घरी बोलावून मनातलं सांगितलं. चिवडा तसाच राहिला. उर्वशी खाली बघत होती.

"म्हंजे जायचंच नाई का?" दीपालीने विचारलं.

"तोवर जा. त्या एका दिवशी नाही. त्याने आपल्याला कसं काढलं विसरलात?"

कलाबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "पाहू जी," म्हणाल्या.

कलाबाईंचं 'पाहू' म्हणजे होच. मला ठाऊक आहे. भैय्याजींनी सुट्टीच्या दिवशी बोलावलं तरी त्या 'पाहू' म्हणायच्या.

(आत्ता लिहिताना आठवलं, सुट्टीच्या दिवशी त्या कधी येत नसत.)

९ नोव्हेंबर

काही घडलं नाही. सिस्टर फिलोमिना गेल्याचं कळलं, केरळमध्ये, गेल्या वर्षीच. हे कुणाला सांगायचं ते सुचेना. जिला सांगायचं तिच्याशी मी बोलत नाही.

गजेंद्रसाठी वाक्य तयार केलं आहे. इंग्रजीत. तीन ओळींचं. आरशासमोर म्हणून पाहिलं, शांत वाटतं.

२२ नोव्हेंबर

कलाबाई दुपारी आल्या. बसल्या नाहीत, उंबऱ्याशी उभ्या.

"बाई, उद्या आम्ही जाऊन राहिलो कामावर."

मी म्हटलं, ठरलं होतं ना.

"तुमचं ठरलं होतं. आम्ही पाहू म्हणलं होतं." मग म्हणाल्या, "पह्यल्यांदा माह्या नावाचा कागद कोणी वाचला. मशीननं वाचला, पण वाचला ना. तो तुम्हीच लिहून देल्ला. त्याच्यावर लिहिलं हाय ना, मी वेळेवर येते म्हणून? मंग उद्या कशी नाई जाऊ?"

"त्याने तुम्हाला हाकललं होतं."

"हाकललं जी. मले बी राग हाय. पण माहा राग पोरीच्या कॉलेजापेक्षा मोठा नाई. तुमचा तुमच्याजवळ ठेवा, आमच्या अंगावर नका घालू."

इतकी वर्षं माझ्याशी अशा कधी बोलल्या नाहीत. मी दार लावून घेतलं. पिशवीतून काहीतरी काढत होत्या त्या, लावताना दिसलं. थोड्या वेळाने उघडलं तर उंबऱ्यात तीच बरणी, भरलेली. साल या खेपेला नीट उकळलेली दिसते. चाखली नाही.

म्हणजे मी एकटीच. ठीक आहे. सुरुवातीला एकटीचंच होतं ते.

२३ नोव्हेंबर

जसं घडलं तसं लिहिते.

कंपनीच्या गाडीतून तिघींबरोबर गेले.  सौंसर जवळ आल्यावर उर्वशीने मला खिडकीशी जागा दिली, मला गाडी लागते ते तिला माहीत आहे. मी युनिफॉर्म घातला नव्हता. निळ्या काठाची पांढरी साडी नेसले होते, लॉज उघडला त्या दिवशी नेसले होते ती.

रिसॉर्टच्या अंगणात झेंडूच्या माळांचे ढीग. गजेंद्र कानात ते यंत्र घालून तिघांशी एकदम बोलत होता. मला पाहून हात जोडले. "या मॅडम. सिलेक्शनमध्ये तुमचं नाव बघून बरं वाटलं. युनिफॉर्म आत आहे."

याचसाठी ऑगस्टपासून जगले. तीन ओळी इंग्रजीत. तोंड उघडलं आणि एकही आली नाही. आलं ते आईच्या बोलीत.

"मले नाई कराचं तुह्या घरी काम."

त्याने कानातलं यंत्र काढलं. तोंड तसंच उघडं, लहानपणी दूध नको असलं की राहायचं तसं.

"मावशी, आज नको ना असं करू. वऱ्हाड वरूडपर्यंत आलं. मावशी, माझं ऐक."

इतक्या महिन्यांनी मावशी.

"मॅडम म्हण," मी म्हणाले आणि वळले.

इथे संपायला हवं होतं. पण बाहेर जायची वाट झेंडूवाल्यांनी अडवली होती, म्हणून मागच्या बाजूने निघाले. धोबीखान्याचं दार उघडं होतं. आत कुसुम. डबलबेडची चादर हनुवटीखाली धरून, दोन्ही हात फाकवून एकटीच घडी घालत होती. एकटीने घातलेली घडी कधी सरळ येत नाही, टोकं खालीवर होतात. तिच्या बाजूला तशाच वाकड्या घड्यांचा ढीग. मालकीण असून हे करत होती. कुणी सांगितलं म्हणून, की काहीतरी हाताला हवं म्हणून, मला माहीत नाही.

तिने मला पाहिलं. अंगणात बोललेलं सगळं तिथपर्यंत ऐकू आलंच असणार. केस पार पांढरे झालेत तिचे, रंग लावणं सोडलंय. तिने हनुवटीखालून चादर काढली, झटकली आणि दोन टोकं माझ्याकडे पुढे केली.

मी ती धरली नाहीत.

कमानीपर्यंत चालत आले, बसची वाट पाहिली. मागे वळून पाहिलं नाही, त्यामुळे ती टोकं तिने किती वेळ धरली ते मला माहीत नाही.

२४ नोव्हेंबर

लग्न व्यवस्थित पार पडलं म्हणे. दीपालीला पाहुण्यांनी बक्षीस दिलं. सुपरवायझरचं काम कलाबाईंनी निभावलं.

जिंकले मी. पोळ्या केल्या, खाल्ल्या नाहीत.

३ डिसेंबर

कंपनीच्या त्या मुलीचा फोन. मला वाटलं ओरडणार. ती म्हणाली, "मॅम, रिसॉर्टचं कळलं. तुमचा रेझ्युमे आमच्या सिस्टिममध्ये आहेच. नागपूरला एक मोठं हॉस्पिटल आहे, तिथे हाउसकीपिंग सुपरवायझर पाहिजे. सिस्टिमने तुमचंच नाव वर काढलं. राहायला खोली मिळेल."

मशीन धरलेलं सोडत नाही, असं दिसतं.

इथे मला काय ठेवलं आहे? गच्ची आणि नदीचं पात्र. हो म्हणाले.

जाम घाबरले आहे. या वयात नवी माणसं, आजाऱ्यांच्या खोल्या. हे कुणी विचारलं तर सांगणार नाही.

१३ डिसेंबर

उद्या निघते. दामिनी घर आवरायला येईल, तिच्यासाठी इथेच लिहून ठेवते. बाकीची पानं वाचू नयेत. वाचशीलच, म्हणून सांगते, वाचलीस तर कुणाला सांगू नकोस.

शिलाई मशीन दीपालीला. तेल घालून दे, पॅडल अडतं.

इंग्रजी पुस्तकं आणि शब्दकोश उर्वशीच्या मुलीला. शब्दकोशात पिंपळाची पानं आहेत, ती काढू नयेत.

पितळी डबा आणि निळ्या काठाची साडी कलाबाईंना. म्हणावं, मी दार लावून घेतलं ते माझं चुकलं असं त्यांना वाटत असेल तर तसं वाटू द्यावं.

तुझ्यासाठी लोखंडी कपाट. आणि त्यात चौघींचे अर्ज आहेत, ते नमुना म्हणून सेंटरवर ठेव. कुणी लग्नाचा बायोडाटा घेऊन आलं तर हसू नकोस, आधी बसव.

गजेंद्रला काही नाही.

मार्मलेडची बरणी कुसुमला परत द्यायची. अर्धी मी संपवली, उरलेला तू ने. बरणी धुऊन दे. रिकामी देऊ नकोस. साखर घाल, चमचाभर पुरे, जास्त नको.

कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक डबलबेडची चादर आहे. लॉज उघडला तेव्हा कुसुम आणि मी नागपूरच्या इतवारीतून ताग्याने कापड आणून शिवलेल्या चादरींतली ती शेवटची. फाटली म्हणून टाकून दिली होती, मी रफू केली. कोपऱ्यात संत्र्याचं पान भरलेलं आहे, तिच्या हातचं, म्हणून वाकडं. ती चादर तिला द्यायची. घडी न घालता दे. मोठी आहे, एकटीला जमणार नाही ती, आणि तिथल्या पोरींना तशी घडी येत नाही. ती तुला विचारेल, आता हिची घडी कशी घालू. तू काही सांगू नकोस. सौंसरहून नागपूरची बस कुठून सुटते हे तिला माहीत आहे.